'मनन' कोठून आरंभावे?
संथ शास्त्रवाचनाच्या प्रचलित शिक्षणाची समीक्षा

गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळ्यांतील मौनशिबिरे, धर्मशिक्षकांचे वर्ग व पाळकांच्या परिषदा ह्यांतून 'लेक्सिओ दिविना' हे लॅटिन नाव वारंवार कानी पडू लागले आहे. त्याचा सरळ अर्थ 'दैवी वाचन', म्हणजे पवित्र शास्त्राचे प्रार्थनापूर्वक व सावकाश केलेले वाचन. वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशा चार पायऱ्यांचा एक कागद उपस्थितांच्या हाती देण्यात येतो, एक लहानसा उतारा नेमून दिला जातो, अर्धा तास मौन पाळले जाते आणि अखेरीस प्रत्येकाने 'मला काय मिळाले' ते उभे राहून सांगावयाचे असते. ही साधना आमच्यांत रुजावी अशी आमची मनापासून इच्छा आहे, आणि म्हणूनच ती ज्या रीतीने शिकवली जाते त्या रीतीची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते. ह्या परीक्षेत पहिला दोष आमच्याच पदरी येतो. तो कागद आम्हीही पुष्कळ वर्षे वाटला आहे. इतकेच नव्हे तर त्यावर परीक्षेत प्रश्न घातले आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. चार पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी आम्ही गाळली. वाचन म्हणजे डोळ्यांनी पान पाहणे व मनन म्हणजे डोक्याने विचार करणे, असे आम्ही समजलो आणि तसेच समजावले. ज्या परंपरेतून ही साधना आमच्याकडे आली तिच्यात वाचन हे मुखाचे व कानाचे कार्य होते. पुस्तकांच्या सहवासात वाढलेल्या शहरी मंडळीत ह्या चुकीने फारसे अडत नाही. परंतु आदिलाबादसारख्या बहुभाषिक सीमाप्रदेशात तिच्यामुळे साधनेचे दारच बंद होते, आणि तेही नेमके ज्यांना तिची अंतर्यामी ओळख आहे त्यांच्या तोंडावर.

पायऱ्यांचा उगम

संत बेनेडिक्ट ह्यांच्या सहाव्या शतकातील मठनियमाचा ४८ वा अध्याय मठवासीयांचा दिवस अंगमेहनत व दैवी वाचन ह्या दोन कामांत वाटून देतो. त्या अध्यायात एक बारीकशी सूचना आहे. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी कोणास वाचावयाचे असेल तर त्याने इतरांना त्रास होणार नाही अशा बेताने वाचावे. वाचन मुके असते तर ह्या सूचनेची गरजच पडली नसती! संत ऑगस्टीन ह्यांनीही आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचीत असत, हे मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. जे नित्याचे असते त्याची अशी नोंद सहसा कोणी करीत नाही.

चार पायऱ्यांची व्यवस्थित मांडणी बाराव्या शतकातील कार्थूसी मठाधिपती दुसरा गिगो ह्याची. त्याने ती एका बंधूस लिहिलेल्या पत्रातून केली, आणि तिचे मर्म सांगण्यास त्याने भोजनाचा दृष्टान्त घेतला. वाचन घास तोंडी घालते, मनन तो चावते, प्रार्थना त्याची चव शोधते आणि ध्यान हा त्या चवीचा आनंद होय. आमच्या छापील कागदावर शिडी तेवढी राहिली, घास निसटला. शिडी म्हटली की चढणारा वर पाहतो आणि आपण कितव्या पायरीवर आहोत ते मोजतो. जेवणाऱ्याला असे मोजावे लागत नाही. एका घासात चावणे व चव एकत्रच असतात.

व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणावरील आपल्या संविधानाच्या २५ व्या कलमात शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड हवी असे सर्व श्रद्धावंतांना सांगितले, आणि मठात जपलेली ही साधना पुन्हा सर्वांच्या अंगणात आली. ही मोठीच कृपा म्हणावी लागेल. मात्र मठातून अंगणात येताना ती आपला आवाज मागे विसरून आली, अशी आमची तक्रार आहे.

एका क्रियापदाची कथा

ह्या विस्मरणास आमच्या मराठी शब्दानेही हातभार लावला आहे. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस जे काही करतो, त्यासाठी आमच्या प्रचलित मराठी बायबलात 'मनन' हा शब्द आहे. मूळ हिब्रू क्रियापद 'हागा' असे आहे. हेच क्रियापद यशयाच्या ३१:४ मध्ये भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी व ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी आले आहे. म्हणजे 'हागा' हे घशातून निघणाऱ्या ध्वनीचे नाव आहे. यहोशवा १:८ मध्ये तर हा संबंध उघडच सांगितला आहे. तेथे नियमशास्त्राचा ग्रंथ मुखातून दूर होऊ नये, अशी आज्ञा आधी आहे आणि रात्रंदिवस करावयाच्या 'हागा'ची आज्ञा तिच्या पाठोपाठ. लॅटिन भाषांतरात ह्या जागी जे क्रियापद योजले, त्याच्या अर्थातही सराव करणे, घोटून घोटून अंगी मुरवणे ही छटा होती.

मराठी भाषांतरकारांनी चूक केली असे आम्ही म्हणत नाही. 'गुणगुणतो' किंवा 'पुटपुटतो' म्हटले असते तर स्तोत्राचे गांभीर्य गेले असते, आणि 'घोकतो' म्हटले असते तर शाळेच्या छडीची आठवण झाली असती. 'मनन' हा शब्द भारदस्त आहे व त्यामागे मोठी पुण्याई आहे. पण ही पुण्याई कोणत्या घरची, ते विसरता कामा नये. बृहदारण्यक उपनिषदात मनन एकटे येत नाही. श्रवण, मनन व निदिध्यासन असा तो क्रम आहे. समर्थांच्या दासबोधातही नवविधा भक्तीचे विवेचन श्रवणापासूनच आरंभते. म्हणजे ज्या घरातून हा शब्द आम्ही मागून आणला त्या घरी तो कानाचा हात धरूनच चालत असे. आम्ही शब्द आणला, त्याचा सोबती तेथेच ठेवला, आणि मग मराठी ख्रिस्ती माणसाचे मनन कोरडे का पडते ह्याचा विचार करीत बसलो.

आमच्या स्वतःच्या मराठी ख्रिस्ती वारशातही ह्याची साक्ष आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी ऐकण्यास काही हवे होते, ती भूक ह्या ग्रंथाच्या मुळाशी आहे. तो ओवीत आहे ही गोष्ट केवळ अलंकाराची समजू नये. ओवी घाईने वाचता येत नाही. चौथ्या चरणाशी ती वाचणाऱ्यास थांबवते आणि ऐकणाऱ्यास श्वास घेऊ देते. संथ वाचनाचा नियम तेथे वृत्तानेच घालून दिला होता. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात राहून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरे केले आणि १९२४ मध्ये ते छापून झाले. साध्या खेडवळ स्त्रियांना कळावे हा त्यांचा ध्यास होता. ज्यांच्यासाठी त्या लिहीत होत्या त्यांतील कित्येकींना शास्त्र प्रथम कानांनीच भेटणार होते, हे त्या जाणून होत्या.

आदिलाबादची कसोटी

आता आम्ही आदिलाबादकडे वळतो. कारण कोणत्याही साधनेची कसोटी तिच्या सोयीच्या जागी लागत नसते. पैनगंगा, वर्धा व प्राणहिता ह्या नद्यांच्या आणि गोदावरीच्या मधला हा जुना जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो आंध्र प्रदेशात गेला व त्याचा राजुरा तालुका मराठी मुलखाकडे आला. २०१४ मध्ये तो तेलंगणात आला आणि २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. सीमा अशा हलत राहिल्या, माणसे मात्र आपापल्या बोली घेऊन तेथेच राहिली. गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू, उर्दू आणि मराठी ह्या भाषा तेथे एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. आंध व परधान ह्या जमातींच्या घरांत तर मराठीच बोलली जाते.

ह्या भूमीवर १९६२ नंतर सिरो-मलबार धर्मसभेचे चांदा मिशन पसरले. ते कार्मेल परंपरेतील सी.एम.आय. संघाच्या हाती सोपवले होते. चांद्याच्या धर्मप्रांतातून १९९९ मध्ये आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ह्या प्रसंगात आम्हांस एक योग दिसतो. तेराव्या शतकाच्या आरंभी यरुशलेमचे कुलगुरू आल्बर्ट ह्यांनी कार्मेल पर्वतावरील एकांतवासीयांना जो मूळ नियम दिला, त्याच्या केंद्रस्थानी पहिल्या स्तोत्राचेच शब्द आहेत. प्रत्येकाने आपल्या खोलीत वा तिच्याजवळ राहून रात्रंदिवस प्रभूच्या नियमशास्त्राचे 'मनन' करावे, असे तो नियम सांगतो. आणि दुसरे योग्य काम निघाले तर त्याची मोकळीकही देतो. म्हणजे ज्या परंपरेने आदिलाबादच्या रानात सुवार्ता आणली, तिच्या मुळाशी हे जुने गुणगुणणे आहे. ते तेथील धर्मशिक्षकाच्या ओठांपर्यंत पोहोचले काय, हा खरा प्रश्न होय.

येथे आमचा एक अपराध नमूद करतो. सीमेकडील एका शिबिरात आम्ही नेहमीप्रमाणे कागद वाटले व मौन जाहीर केले. एक वयस्क धर्मशिक्षक कागद खिशात घालून झाडाखाली जाऊन बसले. थोड्या वेळाने ते उताऱ्यातील एकच ओळ हलक्या आवाजात पुनःपुन्हा म्हणू लागले. कधी मराठीत, कधी तेलुगूत. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन ओठांवर बोट ठेवले. ते ओशाळून गप्प झाले. शिबिर संपल्यावर 'मला काय मिळाले' हे सांगण्याची त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मला काही मिळाले नाही." त्या दिवशी त्या सबंध मेळाव्यात बेनेडिक्ट, गिगो व आल्बर्ट ह्यांच्या अर्थाने शास्त्र 'वाचणारे' बहुधा ते एकटेच होते, आणि त्यांनाच आम्ही थांबवले.

त्या प्रदेशाला ऐकण्याची विद्या नवी नाही. राजगोंडांची दैवतकथा पिढ्यान्‌पिढ्या परधान गातात. प्रत्येक परधान घराणे एकेका गोंड घराण्याशी बांधलेले असते आणि सणाच्या प्रसंगी किंगरीच्या साथीने ते त्या कुळाची उत्पत्तिकथा सांगते. ह्यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, घरी मराठी बोलणारा हा गायक कथा गोंडीत गातो. ऐकणाऱ्यांना कथा ठाऊक असते. नवीन काही कळावे म्हणून ते बसलेले नसतात. ठाऊक असलेलेच पुन्हा ऐकून ते आपण कोण आहोत ह्याची ओळख ताजी करून घेतात. ही परंपरा त्यांची आहे, तिच्यावर आमचा हक्क नाही आणि तिला आमच्या उपासनेत आणून बसवावे असेही आमचे म्हणणे नाही. पण ज्या गावात असे ऐकणारे कान आहेत त्या गावात आम्ही कागद घेऊन जावे आणि 'ह्यांना वाचता येत नाही, तेव्हा ध्यान कसे जमणार' असे म्हणावे, ह्यात अडाणी कोण ठरतो?

प्राचीन धर्मसभेने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. अथानासियस ह्यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार संत अंतोनी ह्यांना मंदिरात वाचली जाणारी सुवार्ता कानी पडून पाचारण झाले, आणि पुढे त्यांची स्मृतीच त्यांचे पुस्तक झाली. योहान कास्सियान ह्यांनी आपल्या दहाव्या संवादात स्तोत्रातील साहाय्याच्या याचनेची एकच ओळ अहोरात्र जपण्याची शिकवण नोंदवली आहे. आणि अक्षरशत्रू असल्यामुळे कोणीही अंतःकरणाच्या पूर्णतेला मुकत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

एका शब्दापाशी थांबणे

बहुभाषिकता ही अडचण आहे असे आपण धरून चालतो. संथ वाचनात ती देणगी कशी ठरते, ते एका उदाहरणाने दाखवतो. तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत परमेश्वरासाठी मराठीत 'मेंढपाळ' हा शब्द आहे, तेलुगू बायबलात 'कापरी' आहे. मराठी शब्दात मेंढरू प्रथम डोळ्यांपुढे येते. तेलुगू शब्दात राखण पुढे येते, कारण 'कापरी' म्हणजे राखणारा. दोन्ही शब्द सावकाश, आळीपाळीने उच्चारले म्हणजे मराठी माणसाला आपल्याच 'गुराखी' ह्या शब्दातील 'राखणे' प्रथमच ऐकू येते. ज्याच्या गावची गुरे रानाच्या कडेने चरतात, आणि ते रान वाघाचे आहे (कवालचे अरण्य २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे), त्याला काठी व आकडी ह्यांचा अर्थ भाष्यग्रंथातून काढावा लागत नाही.

आता मूळ हिब्रूकडे पाहावे. तेथील शब्द 'चारणे' ह्या क्रियापदापासून आला आहे: जो मला चारतो तो. अशा रीतीने मराठीने प्राणी दाखवला, तेलुगूने पहारा दाखवला आणि हिब्रूने चारा दाखवला. तिन्ही एकत्र आले म्हणजे स्तोत्रातील पुढची हिरवी कुरणे व पुढे मांडलेले ताट ही दोन चित्रे एकाच धाग्यात आहेत हे उमगते. हे सर्व एका शब्दापाशी थांबल्याने घडते. उतारा संपवण्याची घाई असती तर स्तोत्र सहा ओव्यांत 'आटोपले' असते. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचीत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याची एक वाट त्या अडकण्यातून गेली होती. अडकणे हा संथ वाचनाचा दोष नसून त्याचे फळ आहे.

जुन्या मठांत ह्या क्रियेला रवंथाची उपमा देत. बर्णबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन पत्रातही रवंथ करणाऱ्या शुद्ध पशूंचा अर्थ प्रभूच्या वचनाचे चिंतन करणारी माणसे असा लावला आहे. आदिलाबादच्या कापसाच्या शेतात दुपारी औत सुटल्यावर बैल सावलीला बसून जे करतो ते ज्याने रोज पाहिले आहे, त्याला ही उपमा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. बैल घाईने चरतो व निवांतपणे रवंथ करतो. आम्ही मात्र घाईने चरतो आणि लगेच औताला जुंपले जातो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, अशा वाचनाने ज्याला जे सुचेल तो तोच शास्त्राचा अर्थ समजू लागेल. हा आक्षेप आम्ही गंभीर मानतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. फिलिप्पाने रथात वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला ऐकले, म्हणजे तोही मोठ्यानेच वाचीत होता. आणि फिलिप्पाने त्याला विचारले, 'समजते काय?' संथ वाचनाआधी उताऱ्याचा सरळ अर्थ, काळ व संदर्भ माहीत करून घेणे हे पाळकाचे व धर्मशिक्षकाचे कर्तव्य आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले 'सुबोध बायबल' ह्या कामी मोठा आधार आहे. अभ्यास व ध्यान ह्यांचे वैर नाही. मात्र दोन्ही एकाच बैठकीत, एकाच घाईत करू नयेत. 'मला काय मिळाले' हा प्रश्नही आम्ही बाजूला ठेवावा असे सुचवतो. त्याने वाचन हा सौदा होतो, आणि ज्याच्या हाती काही लागले नाही तो उगीच अपराधी ठरतो.

दुसरा आक्षेप पोपटपंचीचा. प्रभूने मत्तय ६:७ मध्ये निरर्थक बडबडीविरुद्ध इशारा दिला आहे, हे खरे. स्तोत्रसंहितेनेही तो धोका ओळखला आहे. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुषासाठी जे 'हागा' आले तेच दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्या ओळीत राष्ट्रांच्या पोकळ कुजबुजीसाठी आले आहे. ओठ दोघांचेही हलतात. भेद आहे तो कोणाचे वचन ओठांवर आहे आणि अंतःकरण कोणाकडे लागले आहे, ह्यात. लूक २:१९ मधील मरिया मेंढपाळांचे शब्द अंतःकरणात ठेवते व एकापाशी एक ठेवून पाहते. ओठांवर आलेले वचन तेथवर उतरावे म्हणूनच ते पुनःपुन्हा म्हणावयाचे असते.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो आम्हांस सर्वांत खरा वाटतो. दूरदूरच्या वस्त्यांची फेरी, आजाऱ्यांच्या भेटी, शाळा, दफनविधी, भांडणतंटे. ह्यांतून धर्मशिक्षकाने ध्यानाला कधी बसावे? आल्बर्टच्या नियमातील मोकळीक येथे आठवावी, आणि अनुवाद ६:७ हेही आठवावे. तेथे वचनाच्या उच्चाराच्या जागा घर, वाट, निजणे व उठणे अशा सांगितल्या आहेत. मुखातले वचन वाटेने नेता येते. कागदावरचे वचन मात्र बैठकीची वाट पाहत राहते.

उपसंहार

तेव्हा आमची सूचना साधी आहे. उपासनेत येणाऱ्या रविवारच्या वाचनातील एक वाक्य धर्मशिक्षकाने सोमवारीच निवडावे. त्याचा अर्थ नीट माहीत करून घ्यावा. मग ते आपल्या घरच्या भाषेत व मंदिराच्या भाषेत, ओठांवर येईल तसे, आठवडाभर म्हणावे. मंडळीतील वृद्धांना ते शिकवावे आणि त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकावे. मौन पाळावयाचे ते त्यानंतर, वचन कानात घुमत असताना. अशा मौनाला काही आशय असतो.

हे सर्व लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे एकच भीती आहे. पाळक व धर्मशिक्षक शास्त्र रोज उघडतात, पण पुष्कळदा दुसऱ्यांना वाढण्यासाठी. पंगत उठते, भांडी रिकामी होतात आणि वाढपी उपाशी राहतो. ही उपासमार बाहेरून दिसत नाही. प्रवचने चालू राहतात, अहवाल जात राहतात. यहेज्केलाला ग्रंथपट दिला तेव्हा इस्राएलाकडे जाऊन बोलण्यापूर्वी तो त्याने स्वतः खावा, अशी आज्ञा झाली, आणि त्याच्या तोंडाला तो मधासारखा गोड लागला. झाडाखाली बसलेल्या त्या वृद्ध बंधूंच्या तोंडाला त्या दिवशी ती गोडी लागत होती. पुढच्या शिबिरात आम्ही त्यांच्या ओठांवर बोट ठेवणार नाही. आम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसू आणि ऐकू.